गाडी कोण विकतो ते समजले, दुरुस्त कोण करणार ते सांगा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

विजेच्या गाड्यांवर हल्ली वर्तमानपत्रांतून भरपूर लिहून येते. जुन्या कंपन्या बेसावध राहिल्या, नव्यांनी बाजार हलवला. अमकी एका चार्जमध्ये इतके किलोमीटर जाते, तमकीचा स्क्रीन एवढा मोठा. या महिन्यात विक्रीत पहिली कोण आणि दुसरी कोण. मी हे सगळे आवडीने वाचते, कारण आमचे पोट गाड्यांवरच आहे. डिचोलीत आमचे स्पेअर पार्टचे दुकान आहे. सासऱ्यांनी ते सुरू केले, नवऱ्याने वाढवले आणि गेली कित्येक वर्षे काऊंटर मी सांभाळते. या काऊंटरवर रोज येणारा प्रश्न मात्र मला कुठल्याच लेखात सापडत नाही. गाडी बंद पडली तर ती चालू कोण करणार? कुठे, किती दिवसांत आणि किती रुपयांत? जुन्या-नव्या कंपन्यांची चढाओढ शेवटी याच प्रश्नावर येऊन ठेपणार आहे, आणि गोवा सरकारने यात लक्ष घालायची वेळ आत्ताची आहे.

पेट्रोल गाड्यांचे पार्ट विकणारी बाई विजेच्या गाडीला नावे ठेवणारच, असे कुणाला वाटेल, म्हणून आधीच सांगते. विजेची गाडी गोव्याला शोभणारीच आहे. पेडण्यापासून काणकोणपर्यंत सगळे राज्य शंभरेक किलोमीटरचे. डिचोलीहून पणजीला कामाला जाऊन संध्याकाळी परत येणाऱ्याला एका चार्जमध्ये दोन दिवस काढता येतात. बहुतेकांच्या घराला अंगण आहे, पडवी आहे, म्हणजे चार्जिंगसाठी शहरातल्या फ्लॅटवाल्यासारखे सोसायटीच्या पाया पडावे लागत नाही. पावसात वीज जाते, ते खरे. पण रात्रभरात कधीतरी येतेच. अडचण वेगळी आहे.

आमच्या दुकानाचा इतिहास थोडा सांगते, कारण त्याचा या विषयाशी संबंध आहे. खाणी जोरात होत्या तेव्हा आमच्याकडे नव्वद टक्के माल टिप्पर ट्रकांचा असायचा. क्लच प्लेट, लीफ स्प्रिंगचे पट्टे, हब बेअरिंग, ब्रेक लायनिंग. पहाटे ट्रक सुटायच्या आधी दुकान उघडावे लागे. २०१२च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या. मध्ये थोड्या सुरू झाल्या, आणि २०१८च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाण लीजांचे नूतनीकरण रद्द केल्यावर मार्चपासून पुन्हा सगळे बंद. मये, पिळगाव, शिरगाव, वेळगे, कुठेही जा, घराघरांसमोर ट्रक गंजत उभे. आमच्या फळीवर लाखांचा माल पडून राहिला आणि उधारी वसूल करायला कुणाच्या दारात जायचे धाडस होईना, कारण त्याच्याही घरी बँकेची नोटीस आलेली असायची. खाण चूक की बरोबर हा वाद मी इथे काढत नाही. पण एक धंदा थांबला की त्याच्या मागे उभी असलेली माणसे किती असतात, हे आम्ही डिचोलीकरांनी पाहिले आहे. म्हणून गाड्यांच्या जगात एवढी मोठी उलथापालथ होऊ घातली असताना गप्प बसणे मला जमत नाही.

ट्रकचा माल संपल्यावर आम्ही स्कूटर आणि छोट्या चारचाकींकडे वळलो. त्यातून एक गोष्ट लक्षात आली. मारुती ८०० बनायची बंद झाली २०१४ साली, ओम्नी २०१९ला. तरी आजही कुणी मासळीवाला ओम्नी घेऊन आला तर त्याला क्लच प्लेट मी उभ्या उभ्या देते. माझ्याकडे नसली तर बेळगावच्या होलसेलरला फोन करते, चोर्ला घाटातून येणाऱ्या गाडीने दुसऱ्या दिवशी पार्सल येते. जनरल मोटर्सने २०१७च्या अखेरीस भारतात गाड्या विकणे थांबवले. त्यांचा तळेगावचा कारखानाही पुढे ह्युंदाईने घेतला. फोर्डने २०२१मध्ये इथले उत्पादन बंद करत असल्याचे जाहीर केले. शेवरोले बीट, फोर्ड फिगो मात्र अजून गोव्याच्या रस्त्यांवर धावताहेत, कारण त्यांचे फिल्टर, ब्रेक पॅड, बेल्ट, बुश बनवणारे कारखाने दुसरेच आहेत. कंपनी गेली तरी ते आहेत, आणि ते भाग बसवणारा मेस्त्री प्रत्येक नाक्यावर आहे. जुन्या कंपन्यांचे खरे बळ मला हे वाटते. त्यांचा बोर्ड उतरला तरी त्यांची गाडी मरत नाही.

आता दुसरी बाजू. सत्तरी तालुक्यातल्या गावातून डिचोलीला ड्यूटीला येणारी एक नर्स आमची जुनी गिऱ्हाईक. तिने कर्ज काढून एका नव्या कंपनीची विजेची स्कूटर घेतली. स्कूटर खरेच छान. घाटीवर सुद्धा ओढायची, आवाज नाही, महिन्याचा पेट्रोलचा खर्च वाचलेला. मागच्या पावसाळ्यात एका सकाळी ती सुरूच होईना. स्क्रीनवर दिसायचे की साइड स्टँड खाली आहे. स्टँड तर वर होता. आमच्या शेजारच्या गॅरेजमधल्या मुलाने खाली वाकून पाहिले. स्टँडच्या बिजागरीपाशी एक छोटा सेन्सर असतो, बोटाच्या पेराएवढा, त्याला दोन-तीन बारीक वायरी. आत चिखल आणि पाणी गेलेले. त्याने स्प्रे मारून साफ केला, स्कूटर दोन दिवस चालली, पुन्हा पाऊस, पुन्हा बंद.

पेट्रोलच्या स्कूटरचा असा स्विच माझ्या ड्रॉवरमध्ये असतो. किंमत फार नाही, बसवायला अर्धा तास. तिच्या स्कूटरचा मला कुठेच मिळेना. बेळगावला विचारले, कोल्हापूरला विचारले. बाजारात तो येतच नाही, कंपनी आपल्या सर्व्हिस सेंटरशिवाय कुणाला देत नाही. पार्ट नंबर सुद्धा कळायला मार्ग नाही. वायर जोडून सेन्सर टाळता येतो हे त्या मुलाला ठाऊक होते, पण तसे केले तर वॉरंटी जाणार आणि स्टँड खाली असताना गाडी पळाली तर अपघात होणार, म्हणून त्याने हात लावला नाही. योग्यच केले. शेवटी टेम्पो भाड्याने करून स्कूटर सर्व्हिस सेंटरला नेली. जुलैत गेलेली स्कूटर चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, होऊन गेली तरी तिथेच होती. आधी पार्ट आला नाही, मग तंत्रज्ञ सोडून गेला, मग फोन उचलायचे बंद. बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला वेळेवर कापला जात होता. रात्रपाळी संपल्यावर घरी जायला बस नसते, तेव्हा ती भावाला बोलवायची. अशा तक्रारी घेऊन गोव्यातले पुष्कळ ग्राहक वाहतूक खात्यापर्यंत गेले आहेत. एवढ्याशा सेन्सरपायी लाखभराची स्कूटर अडून राहावी हे मला पटत नाही.

म्हणून नव्या कंपन्या वाईट, जुन्या चांगल्या, असे म्हणावे तर तेही खरे नाही. नव्यांनी धक्का दिला नसता तर जुन्या हलल्याच नसत्या. बंगळुरूत रेवा ही विजेची छोटी गाडी २००१ सालीच आली होती, २०१०मध्ये महिंद्राने ती कंपनी घेतली, आणि तरीही पुढची दहा वर्षे भारतात विजेची कार घेणारा माणूस विरळाच राहिला. जगाचे डोळे उघडले ते टेस्लाने, आणि टेस्लाला २०२५ साली विजेच्या गाड्यांच्या विक्रीत मागे टाकले ते चीनच्या बीवायडीने. बीवायडी म्हणजे १९९५मध्ये बॅटऱ्या बनवायला निघालेली कंपनी, गाड्यांकडे ती नंतर वळली. विजेच्या गाडीत सगळ्यात महाग वस्तू बॅटरी, आणि तीच यांच्या घरची. शंभर वर्षे इंजिन घडवण्यात हात बसलेल्यांना हे जड जाणारच. जर्मनीत फोक्सवॅगनला २०२४च्या डिसेंबरात कामगार संघटनेशी करार करून २०३०पर्यंत ३५ हजारांहून अधिक नोकऱ्या कमी करायचे ठरवावे लागले, ते उगाच नाही.

आपल्याकडे चित्र जरा निराळे घडले. २०२०च्या जानेवारीत टाटांची नेक्सॉन ईव्ही आली, त्याच महिन्यात बजाजने चेतक हे जुने नाव विजेवर आणले आणि टीव्हीएसची आयक्यूबही आली. म्हणजे जुने अगदीच झोपलेले नव्हते. नेक्सॉन ईव्हीचा सांगाडा मुळात पेट्रोलच्या नेक्सॉनचाच असल्यामुळे गाडी नवी असली तरी मेस्त्रीला ती सगळीच परकी वाटली नाही. पुढे दुचाकीत नव्या कंपन्यांनी एवढी मुसंडी मारली की जुने संपले असे लोक म्हणू लागले. पण २०२५मध्ये टीव्हीएस आणि बजाज विक्रीत पुढे निघून गेल्या. माझ्या काऊंटरवरून मला त्याचे कारण दिसते ते असे, की गावोगाव त्यांचा डीलर आहे आणि त्या डीलरकडे पाना धरलेला माणूस आहे. चारचाकीत आता गर्दी वाढली आहे. एमजीने २०२४च्या सप्टेंबरात विंडसर आणताना बॅटरीचे भाडे वेगळे लावून गाडीची किंमत दहा लाखांच्या आत दाखवली. ह्युंदाईची क्रेटा विजेवर आली, महिंद्राने नव्याने कंबर कसली, मारुतीने २०२५मध्ये गुजरातच्या हंसलपूरला ई-विटारा बनवायला सुरुवात केली. व्हिएतनामच्या विनफास्टने तूतुकुडीला कारखाना थाटला, टेस्लाने मुंबईत दुकान उघडले. गिऱ्हाइकाला निवड मिळते आहे, किमती उतरताहेत, याचा मला आनंदच आहे.

पण जुन्या कंपन्यांनी फार साळसूदपणा दाखवू नये. स्पर्धा आयोगाने २०१४च्या ऑगस्टमध्ये देशातल्या १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. कशासाठी? तर अस्सल सुटे भाग आणि तपासणीची यंत्रे बाहेरच्या गॅरेजना मिळू न देता ग्राहकाला आपल्याच दारात बांधून ठेवले म्हणून. त्या १४मध्ये आपल्या सगळ्यांच्या ओळखीची मोठी नावे होती. कंपन्या अपिलात गेल्या. आम्हा पार्टवाल्यांना आणि मेस्त्र्यांना मात्र तो निकाल बरोबर लक्षात आहे. पेट्रोलच्या गाडीत ही अडवणूक अर्धवटच यशस्वी झाली, कारण ब्रेक पॅड कुणीही बनवू शकतो. विजेच्या गाडीत ती पूर्ण यशस्वी होऊ शकते. मोटरला हवी तेवढी वीज सोडणारा कंट्रोलर बदलला तरी कंपनीच्या सॉफ्टवेअरने त्याला ओळखल्याशिवाय गाडी हलत नाही. बॅटरीच्या पेटीत एखादा सेल खराब झाला की बहुधा अख्खी पेटी बदलायला सांगतात. आणि हे जुन्या-नव्या दोन्ही घरांत सारखेच चालले आहे. दुकान जुने असो वा नवे, दाराला कुलूप एकच.

अमेरिकेतली फिस्कर ही नवी मोटार कंपनी २०२४च्या जूनमध्ये दिवाळखोरीत गेली. तिच्या ओशन गाड्या घेतलेल्या लोकांना आपापसांत संघटना करून गाड्या चालू ठेवण्यासाठी धडपडावे लागले, कारण गाडीचा निम्मा जीव कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये. बीट आणि फिगो कंपनीमागे टिकल्या, तशी विजेची गाडी टिकेल का? आज ज्या कंपन्या बाजारात आहेत त्या सगळ्या दहा वर्षांनी असतील असे कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. आणि बॅटरीची वॉरंटी बऱ्याच चारचाकींना आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची. नवव्या वर्षी काय? सामान्य माणूस गाडी आठ वर्षांसाठी घेत नाही. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या गाड्या तिसऱ्या मालकाच्या असतात. पायलटचा, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीचा, धंदा करणारा, पाव विकणारा, काजूच्या मोसमात गाडी लागणारा, हे लोक जुनी गाडी घेऊन पोट भरतात. जुनी विजेची गाडी दुरुस्तच होणार नसेल तर त्यांनी काय करायचे?

विजेचा धोका असतो, कुणाही पोराने बॅटरी उघडू नये, असे कंपन्या म्हणतात. ते मला मान्य आहे. चारचाकीच्या बॅटरीत तीन-चारशे व्होल्ट असतात. २०२२च्या उन्हाळ्यात स्कूटर पेटल्या, त्यानंतर केंद्राने बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक केले, ते योग्यच झाले. पण धोका आहे म्हणून शिकवा. फर्मागुडीच्या आयटीआयमधून दरवर्षी मुले बाहेर पडतात. त्यांना हातमोजे, इन्सुलेटेड पाने आणि कंपनीचे तपासणी यंत्र द्या, परीक्षा घ्या, परवाना द्या. साइड स्टँडच्या सेन्सरमध्ये तर चारशे व्होल्ट नसतात ना? त्याच्यासाठी एका नर्सने महिनोन् महिने का थांबायचे?

आमच्या भागातल्या लोकांना या उद्योगाचे महत्त्व पुस्तकातून शिकावे लागत नाही. भुईपाल आणि होंड्याला ऑटोमोबाइल कॉर्पोरेशन ऑफ गोवाचे कारखाने १९८०च्या दशकापासून आहेत, बसगाड्यांच्या बॉड्या आणि पत्र्याचे भाग बनवणारे. सत्तरी-डिचोलीतल्या कितीतरी घरांच्या चुली त्यावर पेटल्या. उसगावला एमआरएफचा टायरचा कारखाना आहे. बसला बॉडी आणि गाडीला टायर, इंजिन असो वा मोटर, लागणारच. पण क्लच, सायलेन्सर, गिअर, प्लग, ऑइल फिल्टर यांच्यावर जगणारे दुकानदार आणि मेस्त्री? विजेच्या गाडीत यातले जवळजवळ काही नाहीच. त्यांना दुसरे काम उरेल ते दुरुस्तीचे, आणि दुरुस्तीचे दारच बंद असेल तर खाणीच्या वेळचे दिवस पुन्हा बघावे लागतील. फरक एवढाच की तेव्हा एका आदेशाने सगळे थांबले, या खेपेला आपल्याला आधी कळले आहे.

सरकारने २०२१मध्ये विजेच्या वाहनांचे धोरण आणले, अनुदान दिले. २०२३मध्ये मुख्यमंत्र्यांनी जाहीर केले की जानेवारी २०२४पासून पर्यटनाच्या धंद्यात येणारी नवी वाहने विजेचीच असतील. घोषणा मोठी होती. पण रेंट-अ-बाइकचा धंदा करणाऱ्या कळंगुटच्या किंवा हरमलच्या माणसाला विचारा, हंगामात स्कूटर आठ दिवस बंद राहिली तर त्याचे काय होते. जबरदस्ती करण्याआधी त्याच्या स्कूटरची दुरुस्ती इथे होईल याची हमी त्याला द्या. ती मिळाली तर तो स्वतःहून विजेकडे येईल, कारण हिशेब त्यालाही कळतो.

डीलरला गाड्या विकायला ट्रेड सर्टिफिकेट लागते आणि ते वाहतूक खाते देते. ते देताना नुसता शोरूमचा पत्ता पाहू नये. उत्तरेत आणि दक्षिणेत चालू स्थितीतले सर्व्हिस सेंटर आहे का, तिथे शिकलेली माणसे किती, नेहमी लागणाऱ्या भागांचा साठा आहे का, हे खात्याच्या माणसाने जाऊन पाहावे, आणि दरवर्षी पुन्हा पाहावे. ब्रेक, सेन्सर, स्विच, चार्जिंगचा सॉकेट, कंट्रोलर अशा भागांचे पार्ट नंबर आणि किमती कंपनीने जाहीर कराव्यात आणि ते रोख पैशांना कुणालाही विकावेत. परवानाधारक गॅरेजला तपासणी यंत्र वाजवी दरात मिळावे. मॉडेल बंद झाल्यावरही निदान दहा वर्षे भाग मिळतील असे लेखी घ्यावे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२मध्ये ‘राइट टू रिपेअर’चे, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचे, पोर्टल काढले, त्यात मोटारगाड्याही आहेत, पण नुसत्या पोर्टलने कंपनी पार्ट देत नाही, त्यासाठी हातात काही असावे लागते. ट्रेड सर्टिफिकेट राज्याच्या हातात आहे. नियम जुन्या कंपन्यांना आणि नव्यांना एकच लावा. ज्याला धंदा करायचा आहे तो पाळेल.

आणि आपल्याला, संपादक महोदय, एक विनंती. आपल्या वाहनांच्या पानावर यापुढे नव्या गाडीची माहिती छापताना रेंज आणि किमतीच्या खाली आणखी दोन ओळी द्याव्यात: गोव्यात तिचे सर्व्हिस सेंटर नेमके कुठे आहे, आणि वॉरंटी संपल्यावर बॅटरी बदलायची झाल्यास कंपनी आज किती रुपये सांगते. कंपनी हे सांगत नसेल तर ‘सांगितले नाही’ असेच छापावे.

आपली,
स्पेअर पार्ट दुकानदार, डिचोली